खाऱ्या पाण्याचं इंजिन

त्या दुष्काळात पैठणचं धरण तळाला गेलं आणि शहराला पाणी पुरवणारे पंप तराफ्यावरून पार मध्यात न्यावे लागले. तिथं माणसं पोचवणाऱ्या बोटीचं इंजिन रोज तापून बंद पडायचं. कोकणातून आणलेलं ते जुनं धूड पंपावरच्या साहेबांनी भंगारात काढायचं ठरवताच वॉचमन कडुबा दबकत म्हणाला, "साहेब, माझ्या लेकीला बघू द्या. आयटीआय केलंय तिनं." मेघानं इंजिन खोललं, आतला पांढरा थर खरवडून जिभेवर ठेवला. "मीठ हाय, दगडावानी घट्ट बसलंय. समुद्रातून काढल्यावर गोड्या पाण्यानं धुतलंच नाय कुणी. इंजिन गार करणाऱ्या पाण्याची वाट बुजलीय." व्हिनेगर आणि तारेनं तिनं एकेक नळी मोकळी केली. दुपारी साहेब, कडुबा आणि मेघाला घेऊन बोट न थांबता थेट तराफ्याला लागली. "कुणी दुरुस्त केली?" पंपावरच्यांनी विचारलं. साहेब बोलायच्या आत कडुबा दोन्ही काठांना ऐकू जाईल असा ओरडला, "मेघा कडुबा साळवेनं!"