पडताळणीचा फोन

याही फोनला प्राध्यापकांना तेच ऐकू आलं. मागे कुठेतरी एक दार करकरलं आणि धाडकन बंद झालं.

पलीकडचा मुलगा मात्र अडखळला नाही. आपण वेल्डर आहोत, राष्ट्रीय युवा धोरणातून प्रशिक्षण मिळालं, वर्कशॉपमध्ये कायम झालो, घरचे खूश आहेत, असं त्याने एका दमात सांगून टाकलं. वर्कशॉपमध्ये इतकी शांतता कशी, हे प्राध्यापकांच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण विचारलं नाही. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की त्यांना मुळातच घाम फुटायचा.

धोरणाच्या मूल्यमापनाचं काम त्यांच्याकडे आलं ते पुस्तकांमुळे. बेकारीवर त्यांनी जाडजूड पुस्तकं लिहिली होती. बेकार माणसाशी बोलण्याची वेळ फारशी आली नव्हती, घरातली धाकटी लेक सोडली तर. आणि तिच्याशी तरी ते काय बोलले होते म्हणा. शिक्षण संपवून ती घरी बसली, मग खोलीत बसली, मग जेवायलाही बाहेर येईना. बायकोने झोपेच्या गोळ्या कुलपात ठेवल्या, तेव्हा कुठे त्यांनी पुस्तकातून डोकं वर काढलं होतं.

आता ते सगळं मागे पडलं होतं. धाकटीला नोकरी लागली होती, कुठल्याशा ऑफिसात. सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी येऊन आईची थट्टा करायची. कामाबद्दल बाहेर बोलायचं नाही, अशी तिला साहेबांची ताकीद होती. मूल्यमापनाबद्दल प्राध्यापकांनाही तशीच. एका घरात दोन-दोन गुप्तहेर पोसतेय, असं बायको म्हणायची.

दुपारी धोरण राबवणाऱ्या विभागाचे उपसंचालक प्राध्यापकांच्या खोलीत डोकावले. चहा मागवला, तब्येतीची चौकशी केली. नोकरी लागलेल्यांपैकी कोणाला प्रत्यक्ष भेटता येईल का, असं प्राध्यापकांनी चाचरत विचारलं.

"पोरं कामावर असतात, सर. कशाला त्यांचा खोळंबा?" उपसंचालक हसले. "आणि एक सांगू? अहवाल वाकडा गेला तर योजना गुंडाळतील. माझी काय, फार तर बदली होईल. पोरं मात्र परत घरी बसतील."

जाताना त्यांनी दार अगदी हळू ओढून घेतलं.

चहा तसाच गार झाला. आपल्याला भास होत असतील, वयही झालंय, अशी प्राध्यापकांनी स्वतःची समजूत घातली आणि पुन्हा फोन उचलला. सुतार. नर्स. बेकरीतली मुलगी. सगळे समाधानी, आणि सगळ्यांच्या मागे तेच दार.

म्हणजे खोली एकच होती. तिथे बसून ही मुलं दिवसभर सुतार व्हायची, नर्स व्हायची. नोकरी लागली आहे असं सांगणं, एवढीच काय ती नोकरी या धोरणाने दिली होती.

हे लिहायचं, त्यांनी ठरवलं. फक्त खात्रीसाठी आणखी एक फोन.

"नमस्कार. युवा धोरणाच्या मूल्यमापनासाठी बोलतोय. तुम्ही प्रयोगशाळेत मदतनीस आहात ना?"



"हो." मुलीचा आवाज, दबका, घोगरा.

"पगार वेळेवर मिळतो?"

"हो."

बाकीचे पोपटासारखे बोलले होते. ही एका शब्दापुढे सरकत नव्हती. हिच्याकडूनच खरं बाहेर पडेल, असं वाटून प्राध्यापकांना कधी नव्हे तो धीर चढला.

"हे बघा, तुम्ही प्रयोगशाळेत नाही. एका खोलीत बसलाय, आणखी बऱ्याच जणांबरोबर. मी हे सगळं अहवालात लिहिणार आहे. समजलं?"

दार करकरलं. धाडकन बंद झालं.

"समजलं."

"मग आता तरी खरं सांगा. ही नोकरी टिकेल असं वाटतं तुम्हाला?"

आता आवाज घोगरा नव्हता.

"ते तुम्ही काय लिहिता त्यावर आहे, बाबा."