सीलबंद संध्याकाळ

“आज निकाल लागला, तरी आठवण मुद्देमालातच राहील. अपिलाची मुदत आहे ना,” कारकुनानं सांगितलं.

सरूबाईंनी पावती पिशवीत ठेवली. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांदेखत ट्रकनं नवऱ्याला उडवलं होतं. पुराव्यात फेरफार नको, म्हणून कोर्टानं ती संध्याकाळ त्यांच्या डोक्यातून काढून कुपीत सीलबंद केली. सुनावणीत ती जज्जसाहेबांनी पाहिली, दोन्ही वकिलांनी पाहिली, दारातल्या शिपायानंही पाहिली. सरूबाईंना तेवढा वेळ बाहेर बसवलं जायचं.

“जाताना काय बोलले हो ते?” त्यांनी ढवळे शिपायाला दर तारखेप्रमाणे विचारलं.

“सांगितलं तर नोकरी जाईल, मावशी.”

दुपारी पुकारा झाला. ढवळ्यांनी दारातून दोनदा खणखणीत हाक दिली, “सरस्वती लोंढे, हाजिर हो.” तिसऱ्या हाकेला ते अडखळले. मग हळूच म्हणाले, “घाबरू नको, मास्तरीण.”

सरूबाई चौथी नापास होत्या. या नावानं त्यांना एकच माणूस हाक मारायचा, तीही घरात कुणी नसताना.

पदर सावरत त्या उठल्या.

“आले,” म्हणाल्या.