बिबट्याच्या पोटाची शिवण

बिबट्याचं पोट पुन्हा उसवलं होतं. शिवणीतून पेंढा लोंबत होता आणि सुंदरराव देशमुख तो बोटानं आत ढकलत उभे होते.

“काहून होतंय हे, धोंडीराम? तू तर हैदराबादेत जनावरं भरायचं शिकून आलास म्हणतोस.”

पेंढा भरलेल्या जनावराच्या बाकीच्या खोडी धोंडीरामाला ठाऊक होत्या. ओलं कातडं सुकलं की आकसतं, आणि चैत्रातलं इथलं वारं म्हणजे कातड्याचा वैरीच. आधी ओठ मागं ओढले गेले आणि बिबट्या हसल्यासारखा दिसायला लागला. त्यानं ओली फडकी ठेवून ओठ मऊ केले, आत माती दाबली, टाचण्या मारून ते बसवले. मग कान वळले. त्यांत पुठ्ठा घातला. पापण्या काचेच्या डोळ्यांपासून सुटल्या, तिथं मेण भरलं. बैठकीच्या खिडक्यांना गोणपाटं बांधून त्यानं सांगितलं, सावलीत सावकाश सुकू द्या. मालकांनी गोणपाटं काढून टाकली, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांना बिबट्या दिसत नव्हता.

तरी ते सगळं जागेवर आलं. पोट तेवढं येईना.

त्यानं शिवावं आणि आठवडा होत न होत तोच ते उसवावं. त्यानं कातडं भिजवून सैल केलं. पेंढा कमी केला. टाके बारीक घातले. दोरा दुहेरी घेतला, त्याला मेण लावलं. पुन्हा तेच. आकसून फाटलं असतं तर कातडं टाक्यापाशी चिरलं असतं. इथं कातडं धड आणि दोरा तुटलेला. धोंडीरामानं दोरा विकणाऱ्याला शिव्या घातल्या. उंदरांना घातल्या. शेवटी स्वतःच्या हातांना घातल्या.

“परवा तालुकदारसाहेब येतेत,” सुंदरराव म्हणाले. “मांजरसुंब्याच्या घाटात मी मारलेला बिबट्या बघायला. त्यांच्यापुढं पेंढा सांडला तर तू ह्या गावात राहू नको.”

या खेपेला त्यानं चामड्याच्या वादीनं पोट शिवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकून घर निजलं, तेव्हा वादी नीट बसली का ते बघायला तो बैठकीत आला.

बिबट्याजवळ भिवराबाई बसली होती. देशमुखांची बैठक सारवायला येणारी, ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची बाई. शेजारी विळा पडला होता. वादी कापलेली होती आणि तिचा हात कोपरापर्यंत बिबट्याच्या पोटात होता.

इतक्या दिवसांचा संताप धोंडीरामाच्या डोक्यात चढला. “मी तुझं काय वाकडं केलं, बाई? माझ्या पोटावर पाय देतीस व्हय?”

ती दचकली नाही. हातही बाहेर काढला नाही.

“माझी लेक नेली ह्यानं,” ती म्हणाली. “समदं रान हुडकलं. माती द्यायला हाडूकसुदिक गावलं न्हाई. म्हनलं, ह्याच्या पोटात असंल. दर खेपंला हात घालते, पेंढाच लागतो.”

धोंडीराम तिथंच उकिडवा बसला. शिमग्याच्या आधी वस्तीवरची एक पोर गेली आणि दुसऱ्याच दिवशी मालकांनी बिबट्या टिपला, एवढं त्यानं ऐकलं होतं. पोर कुणाची, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

“पेंढा मीच भरलाय, बाई. आत दुसरं काही न्हाई.”

“मंग आधी जे व्हतं ते?” तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं पाहिलं. “ते कुठं टाकलंस?”

ओढ्याकाठी कातडं सोलताना त्याला घाई झाली होती. कातडं सडायला नको, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. आतलं सगळं त्यानं न बघता बाजूला फेकलं होतं. हात धुऊन तो उठला, तोवर गिधाडं आणि कुत्री त्यावर तुटून पडली होती.

त्यानं तिचा हात हळूच बाहेर काढला. त्याला चिकटलेली काडी न् काडी झाडली.

“पुरलंय,” तो म्हणाला. “चल, जागा दाखवतो.”