अजून चौतीस मिनिटं

चावी हाताला लागली तेव्हा भिंतीवरच्या लाल आकड्यांत चौतीस मिनिटं उरली होती. ऐश्वर्या आनंदाने ओरडली आणि दाराकडे धावली.

"थांब," रुपाली म्हणाली. "उघडू नकोस."

ऐश्वर्याला वाटलं, ताई गंमत करतेय. त्या दोघी बहिणी आणि त्यांची वहिनी देवयानी, तिघींपैकी कुणीच असला खेळ आधी खेळलं नव्हतं. एका खोलीत तासभर कोंडून घ्यायचं, कोडी सोडवायची, चावी शोधून बाहेर पडायचं. चुलतभावाच्या लग्नासाठी ऐश्वर्या आणि देवयानी चिपळूणहून ठाण्याला आल्या होत्या, रुपाली डोंबिवलीहून. लग्न काल झालं. परतीची गाडी रात्रीची, त्यामुळे आजचा दिवस मोकळा होता. विनीत, म्हणजे रुपालीचा नवरा, सगळ्यांना घोडबंदर रोडच्या मॉलमध्ये घेऊन आला, तिथे या खेळाची पाटी दिसली.

"बायकांना जमणारं काम नाही हे," विनीत म्हणाला.

"मग लावा पैज, भावोजी," ऐश्वर्या म्हणाली.

लहान मुलांना आत सोडत नव्हते. आपल्या चार वर्षांच्या मुलाला, नयनला, घेऊन विनीत बाहेर काउंटरपाशी बसला. तिघींचे फोनही बाहेरच राहिले.

आत एका बेपत्ता डॉक्टरचा दवाखाना मांडलेला होता. रक्ताच्या नळ्या, जुने रिपोर्ट, कुलूप लावलेली तीन कपाटं. लग्नाआधी रुपाली चिपळूणला एका लॅबमध्ये काम करायची. नळ्यांच्या टोपणांचे रंग बघून तिनेच पहिल्या कुलपाचा नंबर काढला. दुसरं आणि तिसरंही तिनेच उघडलं. बाकीच्या दोघी नुसत्या तिच्या मागे मागे फिरत होत्या. ताईला अशी भराभर बोलताना ऐश्वर्याने कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

आता तीच ताई भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसली होती.

"अगं, पण चावी मिळालीय," देवयानी म्हणाली.

"म्हणून तर. वहिनी, इथे तो येऊ शकत नाही. अजून चौतीस मिनिटं."

दोघी तिच्याजवळ बसल्या. रुपाली हळू आवाजात, न थांबता सांगत गेली. विनीत सकाळी सातला कामावर जातो. जाताना सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप लावतो, ते संध्याकाळी येऊन उघडतो. लॅबमधल्या एका जुन्या सहकाऱ्याने वाढदिवसाचा मेसेज पाठवला होता, त्या दिवसापासून. अडीच वर्षं झाली. डोंबिवलीत चोऱ्या वाढल्यात, असं तो शेजाऱ्यांना सांगतो. नयनला अजून शाळेत घातलेलं नाही, कारण त्याला सोडायला तिला खाली उतरावं लागेल.

"मागच्या महिन्यात जिन्यातल्या मीटरने पेट घेतला. सगळी बिल्डिंग खाली पळाली. मी नयनला कडेवर घेऊन ग्रिलला नाक लावून उभी होते."

"आणि आपण दर रविवारी फोनवर बोलायचो, ताई!"

"स्पीकरवर. तो शेजारीच बसलेला असायचा. कालही तुम्ही जवळ आलात की नयन रडतोय म्हणून मला हाक मारायचा. नयन रडत नव्हता गं."

देवयानीला मान वर करता येईना. रुपाली आता शहरातली झाली, तिला माहेर नकोसं झालंय, असं तिनेच चार घरी सांगितलं होतं.

खोलीतला स्पीकर खरखरला. "हिंट हवीय का, मॅडम?"

"नको," तिघी एकदम म्हणाल्या.

उरलेल्या वेळात ठरलं. सोमवारी पहाटे प्रशांतने, देवयानीच्या नवऱ्याने, डोंबिवलीला पोचायचं. विनीत कामावर गेला की कुलूप तोडायचं आणि मायलेकरांना घेऊन यायचं. तोवर कुणी काही बोलायचं नाही. चेहऱ्यावरही दिसू द्यायचं नाही. देवयानीने पदराने डोळे कोरडे केले. आकडे शून्यावर आले, भोंगा वाजला आणि दार बाहेरून उघडलं गेलं.

विनीत हसत उभा होता. "सांगितलं होतं ना? तिघींना मिळून एक दार उघडता आलं नाही."

रुपालीने ठरल्याप्रमाणे मान खाली घातली. थोडी हसलीसुद्धा.

काउंटरवरच्या बाईला मात्र तिचं वाईट वाटलं. "असं नका बोलू, सर. मी कॅमेऱ्यात बघत होते. चावी यांना सव्वीस मिनिटांतच सापडली. नवीन माणसांना इतक्या लवकर सापडतच नाही. मग का कोण जाणे, बोलतच बसल्या."

विनीतचं हसू थांबलं. त्याने देवयानीचे लाल डोळे पाहिले. ऐश्वर्याने नजर चुकवली, तेही पाहिलं. मग तो रुपालीकडे बघत राहिला. सोमवार आता येणार नाही, हे तिघींना त्याच क्षणी कळलं.

"चल," तो हळूच म्हणाला. "घरी जाऊ."

रुपाली पुढे झाली आणि तिने नयनला त्याच्या कडेवरून घेतलं.

"कशाला?" तिचा आवाज अख्ख्या मजल्यावर गेला. "परत कुलूप लावून घ्यायला?"

पुढच्या खेळासाठी थांबलेली माणसं हसली. त्यांना वाटलं, ती खेळाबद्दलच बोलतेय. चारचौघांसाठी विनीतही हसला आणि नयनला घ्यायला त्याने दोन्ही हात पुढे केले.

रुपालीने नयनला दिलं नाही.