सूप चांगलं आहे

"सूप चांगलं आहे," फ्रूमाबाई म्हणाल्या, आणि मिलाग्रोसच्या काळजात धस्स झालं.

ब्रूकलिनच्या या खाणावळीत ती एकोणीस वर्षं वाढायचं काम करत होती. तेवढ्या वर्षांत बाईंनी सूपला एकदाही बरं म्हटलं नव्हतं. कधी ते गार, कधी खारट, कधी त्यातला पिठाचा गोळा कडक. समोर बसणारे त्यांचे यजमान झेलिग त्यात आपली भर घालत. असल्या रडगाण्याला इथे 'क्वेच' म्हणतात. शब्द बाईंच्या आईच्या भाषेतला, यिडिश. पण आता तो सगळ्या गावाचा झालाय. सान्तो दोमिंगोहून आलेली मिलाग्रोसही नवऱ्याशी भांडताना तोच वापरी.

झेलिग गेले त्याला दहा दिवस झाले होते. सात दिवसांचा शोक पाळून बाई आज पहिल्यांदाच आल्या होत्या. मीठ हवं का, तर नको. वारा लागतोय का, तर नाही. सगळं ठीक होतं. ज्या माणसाची कशाबद्दलच तक्रार उरत नाही, तो फार दिवस काढत नाही. मिलाग्रोसने आपल्या आईचं पाहिलं होतं.

ती सरळ समोरच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली. गुडघे दुखतात, बस वेळेवर येत नाही, जावई आळशी आहे, असं एकेक सांगू लागली.

बाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग त्यांना राहवेना.

"याला क्वेच म्हणतेस? ही तर बातमी झाली, पोरी. गुडघा तुझाच दुखतोय ना?"

"मग तुम्हीच शिकवा."

"आधी एक सुस्कारा." बाईंनी तो टाकून दाखवला. "सूप गार आहे. गोळा दगड झालाय. दारातून वारा येतोय. आणि तो माणूस... त्रेपन्न वर्षं मला विचारल्याशिवाय साधी टोपी घातली नाही त्याने. एवढ्या लांब निघाला, तर एका शब्दाने विचारलं नाही."

मिलाग्रोसने सांत्वन केलं नाही. क्वेचला उत्तर द्यायचं नसतं, नुसती मान डोलवायची असते, एवढं ती शिकली होती. बाईंचं रडून होईपर्यंत ती मान डोलवत राहिली. मग वाडगा आत नेला आणि वाफाळतं सूप आणून ठेवलं.

बाईंनी डोळे पुसून वाडग्यात पाहिलं.

"आता तोंड भाजणार माझं," त्या म्हणाल्या आणि चमचा उचलला.