पंचाच्या हाती

"आणा इकडे, डॅड. भूक लागलीय तिला." लोरेटानं हात पुढे केले, तसं वडिलांनी तान्ह्या नातीला छातीशी आवळलं आणि खांदा आडवा घातला.

"हिसकावून तर बघ!"

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू असाच कवटाळून ते वर्षानुवर्षं धावले होते. धडका खाऊन खाऊन डोक्यात आता लेकीची ओळखही उरली नव्हती. बाळ किंचाळू लागलं.

लोरेटाला आठवलं, शेवटची रेषा ओलांडली की गुण मिळाल्याची खूण म्हणून पंच दोन्ही हात उंचावायचा. मग इतरांसारखा चेंडू न आपटता डॅड तो अदबीनं पंचाच्या हाती द्यायचे.

तिनं दोन्ही हात उंचावले.

डॅडचा चेहरा खुलला. बाळ अलगद तिच्याकडे देत ते म्हणाले, "सर, माझी लेक बसलीय वरच्या रांगेत. तिनं पाहिलं असेल ना?"