अकरा दिडं

साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं, "अकरा दिडं किती?" आणि तिसऱ्यांदा सगळ्या वर्गानं माना खाली घातल्या.

जिंतूरकडच्या या खेड्यात दिनकरराव गुरुजींनी हट्टानं खासगी मराठी शाळा काढली होती. निजामाच्या राज्यात अशी शाळा चालवायची तर सरकारी मंजुरी हवी. ती द्यायची की शाळेला कुलूप ठोकायचं, हे तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, साहेब आजच ठरवून जाणार होते. आणि दिडकीचा, म्हणजे दीडपटीचा, पाढा तर या पोरांना झोपेतही म्हणता यायचा. निदान दिवाळीपर्यंत यायचा. मग काय झालं कुणास ठाऊक, वर्ग हळूहळू मुकाच होत गेला.

"बच्चे डरते क्या, मास्तरसाब? बहुत मारते होंगे आप," साहेब म्हणाले.

"नाही साहेब. मी आजवर एकाही लेकराला बोट लावलेलं नाही."

हे अगदी खरं होतं आणि गुरुजी ते गावभर मिरवायचे. त्यांची रीतच वेगळी. ज्याला उत्तर येईल त्यानं रांगेतून फिरायचं आणि ज्यांना आलं नाही त्यांच्या थोबाडीत द्यायची. कुणी हळू मारली तर पुन्हा मारायला लावायचे. त्यानं म्हणे अभ्यासात चढाओढ लागते. स्वतःचे हात मात्र स्वच्छ.

"फिर ये चुप क्यों हैं?"

"मला माहीत नाही," गुरुजी कसेबसे म्हणाले. साहेबांनी जायला म्हणून टोपी उचलली.

"मला म्हाईत हाय."

लिंगायत वाण्याची नीलम्मा उभी राहिली होती. वर्गातली सगळ्यात हुशार पोर.

"आमाला उत्तर येतंय, साहेब. पर ज्यानं सांगितलं त्याला बाकीच्यायला मारावं लागतंय. कडूबाईला कधीच काई येत न्हाई, ती रोज मार खायची. दिवाळी झाल्यावर मी तिला लय जोरात मारलं. तिच्या कानातून रगत आलं. तवापसून आमी ठरवलंय, येत आसलं तरी कुणी बी सांगायचं न्हाई."

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्ग गप्प का, या साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना आलं नव्हतं, नीलम्माला आलं होतं. रीत तर त्यांचीच होती. ते तिच्यासमोर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी गाल पुढे केला.

"मार," ते म्हणाले. "जोरात मार."

नीलम्मानं दोन्ही हात पाठीमागे लपवले. "न्हाई, गुर्जी."

गुरुजी उठले. साहेब टोपी हातात धरून तसेच उभे होते.

"बरं," गुरुजी म्हणाले. "आजपासून या शाळेत कुणीच कुणाला मारायचं नाही."

"साडेसोळा," मागच्या रांगेतून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. कडूबाई उभी होती.

"मला पयल्यापसूनच येत व्हतं, गुर्जी."